रेषेबाहेरचे सात ठिपके

जमिनीखालच्या घट्ट तेलात वाफ सोडल्यावर काय होईल हे सांगणारं वैजयंतीचं नवं गणित अखेर जुळलं. पण जुळलं ते फक्त सात नोंदींशी. नऊ वर्षांपूर्वी तिनेच लाल पेनाने गोल करून बाद केलेल्या, घरतकाकांच्या हातच्या.

काका प्रयोगशाळेत मदतनीस होते; तेल आणि पाणी बंद भांड्यात एकत्र तापवायचे आणि पहिला बुडबुडा किती तापमानाला सुटतो ते वहीत टिपायचे. तेव्हा ती नवी होती. "इतक्या लवकर वाफ सुटूच शकत नाही. नीट बघून लिहीत जा," असं तिने वडिलांच्या वयाच्या माणसाला सगळ्यांदेखत सुनावलं होतं. त्यानंतरची त्यांची प्रत्येक नोंद तिच्या जुन्या सूत्रावर अचूक बसली होती. नव्या गणितात त्यातली एकही बसेना.

संध्याकाळी ती वही घेऊन उरणला गेली. निवृत्त झालेले काका अंगणात जाळं शिवत बसले होते.

"काका, तुमचे ते सात आकडे बरोबर होते."

"होतेच. काचेतून बुडबुडा स्पष्ट दिसायचा."

"मग नंतरचे?"

काकांनी सुईतला दोरा दाताने तोडला. "तुम्ही रागवायचात. मग तुम्हाला हवे तेच लिहायला लागलो."

तिने लाल गोलांचं पान उघडून वही त्यांच्यापुढे धरली.

"त्याआधी सव्वीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नव्हता, मॅडम," ते म्हणाले आणि वहीकडे न बघता जाळ्यातलं पुढचं भोक शोधू लागले.