गावचं स्टेडियम

धानाची कापणी आटोपली तसा फुटबॉल मंडळाचा अध्यक्ष प्रफुल कागद घेऊन बायनाबाईच्या ओसरीवर येऊन बसला. रस्त्याला लागून असलेलं तिचं अडीच एकर वावर मंडळाच्या डोळ्यात भरलं होतं.

"काकू, जागा तुमची, स्टेडियम आमचं. तिकिटाच्या पैशात अर्धा वाटा तुमचा. पार चंद्रपूरची माणसं येतील पाह्यले!"

"येतील नं बाप्पा. पण बाजूच्या बांधावर बसून फुकट पाह्यतील. तिकीट काय तुया सासरा काढन? आधी चारही बाजूनं भिंत घाल. मंग गॅलरी. अन् मिरगाच्या आत गॅलरी उभी नाई झाली, तर वावर मले वापस. हे बी लिव त्याच्यात."

काकूला धंद्यातलं एवढं कळतं, हे पाहून प्रफुलची छाती फुगली. मंडळानं वर्गणी ओतली, देणग्या ओतल्या, पुरुषभर उंच पक्की भिंत घातली. लोखंडी गेट बसलं अन् मंडळाची थैली झटकून रिकामी झाली. गॅलरी नकाशातच राहिली.

मिरग लागला तसा प्रफुल मान खाली घालून आला. "माफ करा काकू. तुमच्या वाट्याले काहीच नाई आलं."

बायनाबाईनं त्याच्यापुढं चहा सरकवला.

"माफी कायची? यंदा पहिल्यांदा रानडुकरायले मायं धान भेटणार नाई. नदीकडच्या वावराले अजून भिंत नाई बाप्पा. तिथं क्रिकेटचं काई जमते काय, पाह्य नं."