पाणी एकदम नितळ

"मीठ पस्तीस," वारलूजी फोनवर ओरडले. आरमोरीहून पुणं लांब आहे, तेव्हा ओरडूनच बोलायला हवं, असा त्यांचा समज होता. "गरमी पंचवीस. नायट्रेट शून्य."

"आजही शून्य?"

"आजही! पाणी पाह्यशीन त आरशावानी."

पलीकडून प्रणित म्हणाला, "मस्त, बाबा. आता कॅल्शियम पाहून सांगा. मी थांबतो."

"त्याले वेळ लागते ना बे."

"लागू द्या."

वारलूजींनी फोन स्पीकरवर टाकला, चष्मा सारखा केला आणि नळीत थेंब मोजायला लागले. सारी हयात धानाच्या बांधीत गेली आणि म्हातारपणी हा समुद्र गळ्यात पडला. प्रणितने कॉलेजात असताना हौसेने काचेची टाकी मांडली होती. त्यात खारं पाणी, दगडांवर जिवंत प्रवाळ आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. प्रणितची आई वच्छलाबाई त्यांना नवरा-नवरी म्हणायच्या. पुढे पुण्याच्या मोठ्या मत्स्यालयात त्याला नोकरी लागली. टाकी काही एसटीत बसेना, म्हणून त्याने बापालाच समोर बसवून शिकवलं.

"पाणी उडते, मीठ उडत नाई. म्हणून पाणी घटलं का साधंच टाका, खारं नाई. न नायट्रेट म्हणजे, मासे खातात, हगतात, त्याचंच ते होते. लय वाढू द्याचं नाई."

"म्हणजे गोठ्यातलं शेण," वारलूजी म्हणाले होते. "बैल हाय त शेण होणारच. आपण उचलत राहाचं."

"बस, तेच!" प्रणित खळखळून हसला होता.

त्याआधी बापलेकांचा फोन म्हणजे "बरा हायेस?", "बरा", "पाऊस?", "हाय", आणि मग "दे मायजवळ". माया पोटात भरपूर, पण ओठांवर आणायची दोघांनाही लाज. टाकीने त्यांना विषय दिला. संध्याकाळी पाणी तपासायचं आणि लेकाला सांगायचं, या एवढ्या गोष्टीवर वारलूजी दिवसभर टवटवीत असत.

कॅल्शियम सांगून झालं, फोन बंद झाला. गॅसपाशी भाकरी थापत असलेल्या वच्छलाबाई म्हणाल्या, "अजी, पोट्ट्याशी अजून किती लबाडी करान?"

वारलूजींनी टाकीकडे पाहिलं. पाणी नितळ होतं. प्रवाळ जरा फिकट दिसत होते. मासे नव्हते.

भादव्यात ते धानावर फवारणी करून घरी आले. प्रणितच्या फोनची वेळ झालेली, म्हणून हात नीट न धुताच त्यांनी माशांना चारा टाकला. सकाळी नवरा-नवरी दोघंही तळाशी पडले होते. वारलूजींनी त्यांना परसातल्या सीताफळाखाली पुरलं आणि टाकीचं पाणी बदललं. बैल गेला तेव्हाही न रडलेला हा माणूस त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन रडला.

"सांगून टाका ना," वच्छलाबाई म्हणाल्या. "काही खाणार नाई तो तुमाले."

"मासेच नाई म्हटल्यावर तो फोन कायले करीन?"

"आपल्यासाठी करीन."

"आपल्याजवळ काय हाय बोलाले? पाऊस?"

वच्छलाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

गंमत अशी की, तेव्हापासून प्रणितचा उत्साह दुप्पट झाला होता. पूर्वी त्याचे एखाद-दोन दिवस चुकायचे, आता एकही चुकत नव्हता. पूर्वी नायट्रेट कधी पाच निघायचं, कधी दहा, आणि तो पाणी बदलायला लावायचा. आता ती कटकट मिटली, तर त्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम असं एकेक नवीन काढलं. काहीच उरलं नाही, तर म्हणायचा, "पंपाजवळ फोन धरा, आवाज आयकू द्या." माशांच्या चाऱ्याचं विचारायचं मात्र तो साफ विसरला होता. ते वारलूजींच्या पथ्यावरच पडलं. आपण पाणी इतकं छान ठेवलं म्हणून पोट्टा खूश आहे, असं ते मनाशी म्हणत आणि मिशीतल्या मिशीत हसत.

धान कापून झालं आणि एके दिवशी प्रणित म्हणाला, "बाबा, रविवारी येऊन राह्यलो."

वारलूजींच्या तोंडचं पाणी पळालं.

"काल लाईन गेली न मासे मेले, असं सांगू," त्यांनी रात्री ठरवलं.

"मी काही बोलणार नाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "पण त्यानं विचारलं त खोटंही सांगणार नाई."

"तू त चूपच राहाजो माय माझी."

रविवारी प्रणित एसटीतून उतरला तो खांद्यावर थर्माकोलचा खोका घेऊन. आईसाठी काही आणलं असेल, असं वारलूजींना वाटलं. घरी येऊन तो दोघांच्या पाया पडला, पाणी प्यायला आणि खोका घेऊन सरळ टाकीपाशी गेला.

"काल ना बापू," वारलूजींनी सुरुवात केली, "लाईन गेली होती..."

लेक टाकीत पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलंच आश्चर्य नव्हतं. वारलूजींनी रागाने बायकोकडे पाहिलं. तिने गळ्याला हात लावून शपथ घेतली. मी एक शब्द बोलले नाही!

प्रणितने खोक्यातून पाण्याने फुगलेली पिशवी काढली. आत दोन नारिंगी मासे होते, अंगावर पांढरे पट्टे. त्याने पिशवी अलगद टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली.

"तुले..." वारलूजी टाकीपाशी आले. "तुले सांगतलं कोणं?"

"तुमीच, बाबा," पिशवीवरची नजर न काढता प्रणित म्हणाला. "भादव्यापासून रोज सांगून राह्यले का गोठ्यात शेण नाई म्हणून."