आतली बुरशी

फ्लूचा ताप उतरल्याचं ऐकून धोंडूबाई नवऱ्याला घरी न्यायला धुतलेला सदरा घेऊनच इस्पितळात आल्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, फ्लू गेला, पण त्याच्या मागोमाग यांच्या फुप्फुसात बुरशी धरलीय."

धोंडूबाईंचा जीव भांड्यात पडला. बुरोंडीला सुकी मासळी विकण्यात त्यांची हयात गेली होती. "बुरशीच ना? बोंबलांना धरली की फडक्याने पुसायची नि दोन उन्हं दाखवायची. गिऱ्हाइकाला पत्तासुद्धा लागत नाही."

डॉक्टर हसले नाहीत. "आणि आतपर्यंत गेली असली तर?"

तसा माल धोंडूबाई माडाच्या मुळाशी पुरत. त्यांनी सदऱ्याची घडी पुन्हा नीट केली आणि गिऱ्हाइकाला सांगावं तसं ठासून सांगितलं, "तसला माल माझ्याकडे नसतोच, डॉक्टर."