फ्लेक्सवरच्या बायका

आईने वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सवर स्प्रेने भाजीवालीचा चेहरा काढला आणि त्यावरच्या पुढाऱ्याचा फेटा कापून तिच्या डोक्यावर चिकटवला.

"चौकात पुरुष वाढदिवसाला झळकतात, बायका मेल्यावर. म्हणून मी जिवंत बायका काढते," ती हसली. "पहिलंच प्रदर्शन आहे गं माझं. ऑफिसातल्यांना आणशील ना?"

"आधी हात धू," ऋजुता म्हणाली. रस्त्यावरचे फ्लेक्स गोळा करणाऱ्या आईची तिला लाज वाटायची. ऑफिसात तिने एवढंच सांगितलं होतं, की आई घरीच असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता आई कोसळली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

संध्याकाळी गल्लीतला फ्लेक्सवाला आला. श्रद्धांजलीचा फ्लेक्स त्याने मोबाइलवर जुळवून आणला होता. हार, समई आणि मधोमध आईचा आधारकार्डावरचा फोटो. ऋजुता बघतच राहिली. सकाळपासून तिला रडूही आलं नव्हतं.

"ताई, नावाखाली काय टाकू? गृहिणी?"

"नको." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "चित्रकार टाका. माझी आई चित्रकार होती."