झाकलेलं ताट

कीर्तन बुडवायला लावून संध्यानं सासूबाई चतुराबाईंना अमरावतीच्या नव्या जपानी हॉटेलात नेलं, अन् पुढ्यात आलं काय, तर काकडी भरलेला थंडगार भात! तिनं आणि नवऱ्यानं एकेक घास कसाबसा गिळून ताटली सरकवली. चतुराबाईंनी मात्र हात जोडून शेवटचं शीतही टिपून खाल्लं.

संध्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, चुकलंच माह्यं. कीर्तन बी गेलं अन् वरतून हा थंडा भात! कसा खाल्ला जी तुमी?"

"काहून वं? रोज कीर्तनाहून येतो, तवा तू झाकून ठेवलेला भात थंडाच तं असते," चतुराबाई हसल्या.

 

"पन आज तुमी दोघं संगं बसले, मनून गोड लागला."