शेजाऱ्यांना त्रास नको

कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर पलीकडून तीनदा ठकठक झालं. नयनाने झडप घालून गॅस बंद केला.

"झालं! आता कुकरसुद्धा खपत नाही यांना," ती पुटपुटली. डाळ कच्चीच राहिली.

पलीकडे मोरी-सान राहायचे. ऐंशीच्या घरातले, एकटे. लिफ्टमध्ये भेटले की कमरेतून वाकायचे, पण तोंडातून अवाक्षर नाही. नयना, तिचा नवरा हरीश आणि आठ वर्षांची लेक आर्या जपानातल्या ग्योतोकुच्या या इमारतीत येऊन दीड वर्ष झालं होतं. तेवढ्या काळात नयनाचं जपानी 'माफ करा' आणि 'आभारी आहे' यापुढे सरकलं नव्हतं. बाकीचं बोलायला आर्या होती.

जानेवारीत घर भाड्याने देणाऱ्या एजन्सीचं पत्र आलं होतं. तुमच्या घरातून आवाज येतो अशी तक्रार आहे; पुन्हा आली तर करार वाढवून मिळणार नाही. तक्रार कोणाची, ते लिहिलं नव्हतं. नयनाच्या मते लिहायची गरजही नव्हती. करार मार्चअखेर संपत होता. हे घर मिळण्याआधी चार घरमालकांनी परदेशी म्हणून गोड हसून नकार दिला होता. आर्याची शाळा इथून पाच मिनिटांवर, मैत्रिणी याच गल्लीत. घर गेलं तर त्या पोरीला सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तिने खालच्या मजल्यावरच्या दीप्तीताईंना फोन लावला. सात वर्षं जपानात काढल्यामुळे दीप्तीताई या बाबतीत स्वतःला विद्यापीठच समजायच्या.

"अगं, इथे तोंडावर कोणी काही बोलत नाही," त्या म्हणाल्या. "भिंत वाजवली म्हणजे आपण समजायचं, आवाज बंद करा. पुढची पायरी डायरेक्ट एजन्सी."

"मग मी जाऊन माफी मागून येऊ का? बेल वाजवते, आर्याला नेते बोलायला."

"भलतंच काय! न कळवता कोणाच्या दारात उभं राहायचं नसतं. मेइवाकु होतं त्यांना."

मेइवाकु म्हणजे दुसऱ्याला त्रास. इथे पाऊल ठेवल्यापासून नयनाच्या कानीकपाळी ओरडला गेलेला शब्द. कोथरूडला असती तर एव्हाना पायात चपला सरकवून शेजारी गेली असती, आणि भांडण नाहीतर चहा, काहीतरी एक उरकून आली असती. इथे तिने फोन ठेवला आणि कच्ची डाळ झाकून ठेवली.

त्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी आर्याचा कथकचा ऑनलाइन क्लास होता. घुंगरू बांधून तिने जेमतेम दोन तोडे केले असतील, भिंत वाजायला लागली. नयनाने घुंगरू सोडायला लावले. शनिवारी सकाळी मिक्सरखाली टॉवेलची चौपदरी घडी घातली, तरी चटणी होईस्तोवर पाच-सहा ठोके पडले. घरात खुट्ट झालं की भिंत वाजायची. घर शांत झालं की थोड्या वेळाने तीही थांबायची.

"म्हातारा भिंतीला कान लावूनच बसलाय," नयना हरीशला म्हणाली. तिला संतापाने रडू फुटत होतं. स्वतःच्या घरात स्वतःच्या पोरीला नाचू देता येऊ नये, हे तिला फार लागलं होतं.

आर्या भिंतीपाशी जाऊन ऐकू लागली होती. "आई, ते काहीतरी..."

"शिव्या देत असतील. तू इकडे ये आधी!" नयनाने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"हे बघ, वादच नको," हरीश म्हणाला. "मार्चपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. आज तर बाहेरच जाऊ."

दिवसभर ते नदीकाठच्या बागेत बसले आणि कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून आणलेले गार भाताचे गोळे खाल्ले. घरी परतल्यावर हरीशने खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवले. टीव्हीला हेडफोन लागला. तिघंही चवड्यांवर चालू लागली आणि कुजबुजत बोलू लागली. रविवारी सकाळी नयनाच्या हातून स्टीलची वाटी पडली, तेव्हा पलीकडून दोन ठोके आले, तेही अगदी हलके. नंतर काही नाही.

सोमवारी नाही, मंगळवारीही नाही.

नयनाला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं. "जमलं बाई एकदाचं," तिने दीप्तीताईंना कळवलं. "आमचं घर आता देवळाहून शांत आहे."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" दीप्तीताई म्हणाल्या. "शिकलीस तू जपानात राहायला."

बुधवारी दुपारी आर्या शाळेतून आली आणि पाठोपाठ बेल वाजली. दारात तरुण पोलीस उभा होता. म्हणजे इतकं करूनही म्हाताऱ्याने तक्रार केलीच होती! ती लागोपाठ तीनदा वाकली, तीनदा माफी मागितली.

"आर्या, सांग त्यांना, चार दिवस आम्ही कुकरसुद्धा लावलेला नाही. आता आणखी काय करायचं म्हणावं?"

आर्या आणि पोलीस बराच वेळ बोलत राहिले. तो हळू आवाजात, थांबत थांबत सांगत होता. मग आर्या आईकडे वळली.

"आई, ते ओरडायला नाही आलेत. मोरी-सान वारले. शुक्रवारी बाथरूममध्ये पडले, त्यांना उठताच येईना. आपल्या बाजूच्या भिंतीवर ते टमरेल आपटत होते, तिथली टाइल फुटलीये. डॉक्टर म्हणाले, रविवारपर्यंत जिवंत होते. आपल्याला काही ऐकू आलं होतं का, विचारतायत."

पोलिसाने वहीवर पेन टेकवलं. आर्या आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"सांग," नयना म्हणाली, "काहीच ऐकू आलं नाही."