दुसरी पिढी

"मलेरियाचे जंतू ठणठणीत आहेत. तुझं औषध फेल! फ्लास्कमध्ये ब्लीच ओत आणि मोकळी हो." माझे पीएचडीचे गाईड बिडवई सर मायक्रोस्कोपवरून मान वर करत म्हणाले. रजिस्टरात 'फ्लास्क नष्ट केला' असं लिहून त्यांनी सहीसुद्धा ठोकली.

"सर, प्रत्येक जंतूत एक इवलंसं अंगक असतं. त्याशिवाय तो जगत नाही. फुटून पिल्लं होण्याआधी तो त्या अंगकाच्या प्रती काढून एकेका पिल्लाला एकेक देतो. माझं औषध त्या वाटणीवरच घाव घालतं. हे जंतू धडधाकट दिसतील, पण त्यांची पिल्लं जगणार नाहीत. दोनच दिवस थांबा!"

"मला शिकवू नकोस."

दोन वर्षांची मेहनत मी मोरीत ओतणार नव्हते. फ्लास्क तसाच ठेवला आणि शनिवार-रविवार लॅबमध्येच काढले.

सोमवारी स्लाइडवर एकही जंतू जिवंत नव्हता. सर हरखले. "वा! आपलं औषध चाललं की! पेपर लिहायला घे. पहिलं नाव माझं टाक."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे आपटलं.

"हा फ्लास्क तर तुम्ही शुक्रवारीच नष्ट केलात, सर. ही बघा तुमची सही."